सूर्याकडे पाठ करणारे उन्हाळे सर

उन्हाळे हे सरांचं आडनाव नव्हतं. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळंच होतं, पण त्या नावाचं पत्र एकदा पोस्टमननं ‘असा इसम गावात नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं होतं. दुपारी बारा वाजता सगळं गाव लिंबाखाली सरकायचं, तेव्हा हा माणूस शाळेच्या मोकळ्या पटांगणात मधोमध उभा असायचा. डोक्याला पांढरा रुमाल, सूर्याकडे पाठ आणि नजर समोरच्या लाकडी खोक्यातल्या कागदावर. खोक्याच्या तोंडाशी एक पितळी दुर्बीण बसवलेली असे. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी ती आणली होती. तिच्यातून सूर्याचं बिंब कागदावर पडायचं, ताटलीएवढं, आणि त्यावरचे काळे डाग सर पेन्सिलीनं वहीत उतरवून घ्यायचे. रोज, न चुकता.

“सूर्याला पाठ दाखवा, मगच तो दिसतो,” असं ते पहिल्याच तासाला सांगायचे. आणि लगेच दुसरं वाक्य, आवाज चढवून, “या नळीला जो डोळा लावील, त्याचा डोळा गेला म्हणून समजा.” दुर्बिणीचं टोपण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. काम झालं की आधी टोपण, मग बाकी सगळं.

आमचं गाव शिरूर अनंतपाळजवळचं. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता, लातूर नुसता तालुका. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं. आम्ही महादेवाचे भक्त; घरात रोज इष्टलिंगाची पूजा. सर राहायचे गावाच्या खालच्या अंगाला. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला होता आणि सर त्या वस्तीतले पहिले पदवीधर. ते आमच्या आडावर पाणी भरत नसत. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काही गोष्टी गावात पोरांना न सांगताच कळतात.

सरांची एक सवय आम्हाला फार विचित्र वाटायची. आम्ही काही विचारलं आणि त्यांना उत्तर येत नसलं, तर ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात प्रश्न लिहायचे आणि त्याखाली ‘माहीत नाही’. दुसरे मास्तर अशा वेळी छडी उचलायचे. सरांच्या फळ्याचा तो कोपरा आठ-आठ दिवस पुसला जात नसे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, “हे काय?” सर म्हणाले, “साहेब, पोरांनी मला दिलेला गृहपाठ आहे.” साहेबांना ते आवडलं नाही.

त्या कोपऱ्यातला एक प्रश्न मात्र आमचा नव्हता, सरांचा स्वतःचा होता. कॉलेजात असताना त्यांनी एका इंग्रजी पुस्तकात सूर्याच्या काठाचं चित्र पाहिलं होतं. काठ गुळगुळीत नव्हता. त्यावर आगीचे बारीक फवारे उभे होते, दाट, एकाला एक लागून. “जोंधळ्याचं रान पेटावं तसं,” सर सांगायचे. “एकेक ताट हजारो कोस उंच. पाच-दहा मिनिटांत वर जातं आणि विझतं, तोवर शेजारी दुसरं उठतं. त्यांच्याही वर कधीकधी मोठे झोत सुटतात. तापलेला वायू वर चढतो हे ठीक. पण एवढ्या जोरात त्याला फेकतं कोण?”

त्यांचा एक अंदाज होता. एके दिवशी ते वर्गात अंबाडीचं चऱ्हाट घेऊन आले. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात धरून पीळ द्यायला लागले. दोरी आखडली, मग तिच्यात मध्येच एक वेटोळं उठलं, मग दुसरं. आणखी पीळ दिल्यावर जुनी दोरी ताडकन तुटली आणि तिचं टोक सरांच्याच मनगटावर बसलं. वळ उठला. आम्ही हसलो. सर हात चोळत म्हणाले, “हसा, पण बघा. दोरी गप्प होती. जोर पिळात साठला, आणि तुटल्यावर बाहेर आला.” मग त्यांनी पुठ्ठ्यावर लोखंडाचा कीस टाकून खालून लोहचुंबक फिरवलं. किसाच्या रेषा उठल्या. “अशा रेषा सूर्यावरही आहेत, दिसत नाहीत एवढंच. खालचा वायू सारखा खळखळतो, त्याच्याबरोबर त्या ओढल्या जातात, पिळल्या जातात. मला वाटतं, त्या तुटून दुसऱ्या रेषेला जोडल्या जात असतील, आणि त्या झटक्यात फवारा सुटत असेल.” आम्ही वह्या उघडल्या. “लिहू नका,” सर म्हणाले. “हे माझं वाटणं आहे. ज्ञान नाही.”

मी तेव्हा आठवीत होते. मी विचारलं, “सर, मग ते फवारे कागदावर का दिसत न्हाईत?”

“सूर्याच्या उजेडात ते बुडून जातात. खग्रास ग्रहणात दिसतील, नाहीतर मोठ्या यंत्रातून. कागद एवढंच दाखवतो, नीला.”

मला त्यातलं शेवटचं वाक्यच तेवढं ऐकू आलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. खरं तर तो आधीच आला होता, त्या वर्षी त्यानं पाठ सोडली नाही. नदीतल्या गाळाला सुद्धा भेगा पडल्या होत्या. गाव सगळं खडी फोडायला गेलं, आमचा निम्मा वर्गही. शाळा ओस पडू लागली तशी सर दुपारच्या सुट्टीत खडीच्या कामावरच जाऊ लागले. पोरं एका हातानं दुष्काळात सरकार वाटायचं ती सुकडी खात आणि दुसऱ्या हातानं धुळीत गणितं सोडवत. सर दुर्बीणही सोबत न्यायचे. एकदा मीही त्यांच्यामागून गेले होते. तिथं एक म्हातारी होती, तळहाताला चिंध्या बांधून खडी फोडायची. तिनं कागदावरचं बिंब पाहिलं आणि हात जोडले.

“मास्तर, तुमी रोज त्याला बघताव. इचारा की, कवा शांत व्हनार हाय?”

“आई, त्यो रागावलेला न्हाई. मागल्या साली जसा होता तसाच हाय. ढग आले न्हाईत, त्याला त्यो काय करील?”

“मग त्याला कशापायी बघून राहिलाव?” म्हातारीनं विचारलं. “ढगाला बघा की.”

सरांनी नळीला टोपण लावलं आणि खोकं उचललं. गावात बोलणं सुरू झालं होतं. सूर्याला खोक्यात कोंडतो म्हणून पाऊस पडत नाही, असं कोणी म्हणालं. ते खरं कोणालाच वाटत नव्हतं, पण म्हणायला सगळ्यांना बरं वाटत होतं. त्यात सर कामावरच्या मुकादमाला भिडले होते. खालच्या वस्तीच्या बायकांना पाणी शेवटी का, म्हणून. ते गावाला जास्त झोंबलं होतं.

तो दिवस होळीच्या अलीकडचा. शाळेत सुकडीची रांग लागली होती. सर पटांगणात डाग उतरवत होते, मी वही धरून उभी होते. रांगेत एक पोरगी चक्कर येऊन पडली, तिचं डोकं पायरीवर आपटलं. आरडाओरड झाली. सर पेन्सिल टाकून धावले. टोपण त्यांच्या खिशातच राहिलं.

मी एकटी होते. नळी सूर्यावर धरलेली होती. कागद एवढंच दाखवतो, असं सरच म्हणाले होते. म्हणजे नळी जास्त दाखवत असणार. मी खोक्याच्या आत मान घातली, कागद बाजूला सारला आणि उजवा डोळा लावला.

दुखलं नाही. हे मी आजही लोकांना सांगते, कारण कोणाला खरं वाटत नाही. अजिबात दुखलं नाही. मी मान काढली, कागद जागेवर लावला. सर परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला त्या पोरीचं रक्त लागलेलं होतं. त्यांनी खिसा चाचपला, टोपण काढलं, नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तू काही केलं नाहीस ना?” मी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून उजव्या डोळ्यानं बघितलं की माणसाला तोंड नसायचं. कान दिसायचे, टोपी दिसायची, मधे काळपट खड्डा. मी आठ दिवस लपवलं. मग अव्वानं, माझ्या आईनं, सुईत दोरा ओवायला दिला आणि तिच्या ध्यानात आलं. लातूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती टाकून पाहिलं आणि अप्पांना म्हणाले, “मधलाच भाग जळलाय. यावर इलाज नाही. पोरीनं सूर्याकडे बघितलं का, दुर्बिणीतून वगैरे?”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. अप्पांचा हात फार जड होता.

“सरांनीच बघ म्हनलं,” मी म्हणाले.

एवढं एक वाक्य. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी चौकशी बसवली. मुख्याध्यापकांच्या खोलीत चार जण खुर्च्यांवर होते, सर उभे होते. अप्पा त्यांच्या जातीवरून बोलले. ते शब्द मी इथं लिहीत नाही. मला विचारलं, मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले, आणि कागदावर सही केली. सरांना विचारलं, “तुमचं काय म्हणणं?” मी जमिनीकडे बघत होते. सर हळू आवाजात म्हणाले, “टोपण मी लावलं नाही. माझी चूक आहे.” मी सांगितलं ते खरं की खोटं, यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. नोकरी गेली. दुर्बीण पुरावा म्हणून संस्थेनं कपाटात ठेवून घेतली. दोन दिवसांनी एका बैलगाडीत त्यांची बायको, दोन ट्रंका आणि सर गाव सोडून गेले. मी दुकानाच्या फळीआडून बघितलं. माझं विज्ञान अप्पांनी बंद केलं. मी पुढं कला शाखेला गेले.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी मी नुकतीच तिथल्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. नवा जिल्हा म्हणजे गावाला रोषणाई दिसली, आम्हाला धूळ. जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं दप्तर यायचं, गठ्ठे व्हरांड्यात रचलेले असायचे, आणि आम्ही तालुक्यावार फायली वेगळ्या करत बसायचो. शिक्षण खात्याच्या एका गठ्ठ्यात आमच्या शाळेचं नाव दिसलं. आत चौकशीची प्रत होती. माझी सही, आठवीतल्या वळणाची. आणि सरांचा लेखी खुलासा.

खुलासा अर्ध्या पानाचा होता. टोपण राहिल्याची चूक कबूल केली होती. पुढं लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीच्या जबाबाबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. तिचे वय तेरा आहे. तिला या विषयाची ओढ आहे. झाल्या प्रकारामुळे तिचे विज्ञान सोडवू नये, एवढी विनंती आहे.’ त्या विनंतीखाली कोणाची सही नव्हती, कोणाचा शेरा नव्हता. ती कोणी वाचलीच नव्हती. मी पहिली.

तो कागद घेऊन मी गावी गेले. अप्पा थकले होते, दुकान भाऊ बघायचा. मी त्यांना सांगितलं की मी खोटं बोलले होते. अप्पा खाटेवर बसून होते. “मला ठावं हाय,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“तवाच. ल्योकरू आपलं खोटं बोलतंय हे बापाला कळत न्हाई व्हय?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुजा डोळा गेला व्हता,” अप्पा म्हणाले. मग म्हणाले, “आन् त्याला काढायचंच व्हतं समद्यास्नी.”

सर कुठं आहेत याचा पत्ता लागायला तीन महिने गेले. किनवट तालुक्यात इस्लापूरकडे, सहस्रकुंडाच्या अलीकडे, एका आश्रमशाळेत ते होते. मी नांदेडवरून गाडी बदलत गेले. दुपारची वेळ होती. सर पत्र्याच्या खोलीत गणिताच्या वह्या तपासत होते. केस सगळे पांढरे झालेले. वय चाळिशीच्या आसपास असेल. त्यांनी मला ओळखलं, कारण मी बोलताना मान किंचित वळवते, डावा डोळा पुढं यावा म्हणून.

“सर, तुम्ही मला बघायला सांगितलं नव्हतं. मी खोटं बोलले.”

“मला काय सांगतीस?” सर म्हणाले. “मी तिथं नव्हतोच की.”

मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. सरांनी पाणी दिलं. मग एकदम, वर्गात विचारावं तसं, त्यांनी विचारलं, “काय दिसलं?”

“काही नाही, सर. पांढरं. आणि मग तेही नाही.”

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांमागं रायचूरकडे खग्रास ग्रहण दिसलं होतं. ज्या फवाऱ्यांसाठी त्यांनी जन्म घालवला, ते डोळ्यांनी बघायची ही एकच संधी. सर रजा काढून गेले, एका शेतात जाऊन उभे राहिले. गावातली माणसं दारं लावून आत बसली होती. पण बांधावर तीन पोरं होती, उघड्या डोळ्यांनी वर बघत.

“मी त्यांच्याकडं पळालो. खाली बघा, खाली बघा म्हणून वरडलो. त्यांना माझी भाषा कळंना. एकाला धरलं की दुसरा वर बघतोय. मग तिघांनाबी धोतरात घेतलं आन् दाबून धरलं. खग्रास झाल्यावर बघितलं तर चालतं, हे मला ठावं होतं. पण सोडायचं धाडस झालं न्हाई. उजेड परत कवा फुटंल, नेम न्हाई. पोरं माझ्या हाताला चावत होती.”

“मग तुम्हाला दिसलं का, सर?”

“पोरांच्या तोंडावर अंधार पडलेला दिसला,” सर म्हणाले. “दोन-अडीच मिनिटं. मग झालं.”

इथं विज्ञान शिकवता का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले. गणित मागून घेतलं होतं. “गणितानं कुणाचा डोळा जात न्हाई.” त्या चौकशीनंतर त्यांनी एकाही पोराला सूर्य दाखवला नव्हता. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही मागितलं नाही. निघताना त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. “हे काही म्हणत न्हाईत,” त्या म्हणाल्या, “म्हणून तुमी सुटलाव असं समजू नका.”

त्यानंतर आमची पत्रं सुरू झाली. मी ऑफिस सांभाळून, एका डोळ्यानं, मिळेल ते सूर्याबद्दल वाचू लागले. पोस्टकार्डावर मी लिहायचे आणि सरांचं उत्तर यायचं, बहुतेक वेळा दोनच शब्दांचं: ‘कशावरून? सर.’ की मी पुन्हा ग्रंथालयात. वर्षं गेली, अवकाशयानं वर गेली, सूर्याची चित्रं येऊ लागली. झोत सुटतो त्या जागी आधी काय असतं, ते दिसू लागलं. चुंबकी रेषांच्या पिळात थंड वायूचा एक लहानसा धागा निजलेला असतो. खाली उलटसुलट चुंबकत्वाचे ठिपके एकमेकांवर येऊन विरतात, तशी पिळाची पकड सुटते. तो उसळतो, भोवतीच्या मोकळ्या रेषांना भिडतो, रेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात, आणि तापलेला वायू त्या मोकळ्या वाटेनं वर फेकला जातो. मी हे सगळं दोन पानी पत्रात लिहून पाठवलं. खाली लिहिलं, तुमचा अंदाज बरोबर होता.

या वेळी उत्तर लांब होतं. अक्षर थरथरलेलं. ‘मोठ्या झोतांचं पटलं. बारक्या फवाऱ्यांबद्दल अजून वाद आहे, असं तूच मागे लिहिलं होतंस. तेव्हा सगळं बरोबर होतं असं लिहू नये. माझ्याकडे पुरावा नव्हता. अंदाज कोणालाही येतो.’ शेवटी एक ओळ होती: ‘परवा अंगणात खूप वेळ उन्हात बसलो. बरं वाटलं.’

ते शेवटचं पत्र. पुढच्या महिन्यात सर गेल्याचं आश्रमशाळेतून कळलं.

शोकसभेला मी गेले. आश्रमशाळेच्या पटांगणात मांडव होता. मुख्याध्यापक तरुण होते, चांगलं बोलले. गणिताचे इतके कष्टाळू शिक्षक पुन्हा होणे नाही, म्हणाले. आणखी तिघं बोलले, तिघांनीही गणिताबद्दलच सांगितलं. सूर्याचं नाव कोणाच्या तोंडून आलं नाही, कारण इथं ते कोणाला माहीतच नव्हतं. कोणीतरी मला विचारलं, तुम्ही दोन शब्द बोलता का.

मी उभी राहिले. सरांनी दुर्बीण कुठून आणली, फवाऱ्यांबद्दल त्यांना काय वाटायचं, ते सांगितलं. पोरं ऐकत होती. मग मी माझ्या उजव्या डोळ्याबद्दल सांगितलं, आणि दवाखान्यात म्हटलेलं ते वाक्य, आहे तसं. ते खोटं होतं, हे माझं नाव आणि गाव सांगून बोलले. त्या खोट्यानं त्यांची नोकरी गेली, तुमच्या शाळेला विज्ञानाचा मास्तर मिळाला नाही तेही त्यामुळंच. मुख्याध्यापकांनी घसा खाकरून पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

मी खाली येऊन सरांच्या पत्नींच्या शेजारी बसले. दुसरी जागा रिकामी नव्हती. त्या समोर बघत होत्या. सभा संपून माणसं उठायला लागली तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या.

“हे तवाच बोलायचं होतं, बाई,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले.